बॉक्स न उघडता लावलेला भाव: ‘द वे वे बॅक’

गाडी हमरस्त्यानं चाललीय. पुढं बसलेली आई झोपलीय, मधल्या सीटवर पोरगी झोपलीय आणि पार मागं, सामानाच्या जागेत, मागच्या काचेकडं तोंड करून बसलेला चौदा वर्षांचा पोरगा तेवढा जागा आहे. गाडी चालवणारा माणूस आरशात बघून त्याला विचारतो, एक ते दहामध्ये तू स्वतःला किती देशील? पोरगा टाळाटाळ करतो. माणूस सोडत नाही. शेवटी पोरगा कसंबसं म्हणतो, सहा. त्यावर तो माणूस अगदी शांतपणे सांगतो की मला तर तू तीन वाटतोस.

२०१३ सालचा ‘द वे वे बॅक’ हा अमेरिकन सिनेमा असा सुरू होतो. पोराचं नाव डंकन. गाडी चालवणारा ट्रेंट हा त्याच्या आईचा मित्र, उद्या कदाचित सावत्र बाप. ट्रेंटच्या समुद्रकाठच्या घरात सगळा उन्हाळा काढायला ही मंडळी निघालेली आहेत. सिनेमाचं नाव आलंय ते डंकन बसलाय त्या पार मागच्या सीटवरून.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या अडतीवर दिवाणजी आहे. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर मालाला आकडे लागत असतात, त्यामुळं हा पहिला प्रसंग मला जरा जास्तच लागला. सौद्याला बॉक्स उघडून मांडलेले असतात. खरेदीदार येतो, मूठभर बेदाणा उचलतो, तळहातावर पसरतो, उजेडाकडं धरतो. रंग हिरवा आहे की पिवळ्यावर गेलाय, दाणा टपोरा आहे की बारीक, देठं राहिलीत का, दाबला तर चिकटतोय का, सगळं बघतो. एखादा दाणा दाताखाली टाकतो. मग आकडा बोलतो. त्यातले काही उर्मट असतात. बघितलेला बेदाणा परत बॉक्समध्ये टाकायच्या ऐवजी खाली उधळतात आणि ज्याचा माल आहे तो शेतकरी बाजूला उभा राहून बघत राहतो. या उधळणीवरून यार्डात किती भांडणं बघितली, सांगता सोय नाही. पण इतका उर्मट खरेदीदारसुद्धा बॉक्स उघडल्याशिवाय भाव बोलत नाही. ट्रेंट बोलतो. पुढचा सगळा सिनेमा त्या न उघडलेल्या बॉक्सचा आहे.

आता गोष्ट. घर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समध्ये. आपल्याकडं उन्हाळा म्हणजे दुपारी बाहेर पडायची सोय नाही, पंखा गरम वारा टाकतोय आणि गच्चीवर कुरडया वाळताहेत. तिकडं उन्हाळ्याची लोक वर्षभर वाट बघतात. समुद्र, होड्या, अंगणात भाजलेलं खाणं, संध्याकाळपासून हातात ग्लास. डंकनची आई पॅम या नव्या मंडळींत मिसळायला धडपडतेय. ट्रेंटची मुलगी डंकनला जवळ उभं करत नाही. शेजारची बेट्टी दारात पाऊल टाकल्यापासून बोलायला लागते ती सिनेमा संपेपर्यंत बोलतच असते. मोठी माणसं रात्र रात्र जागतात, पितात, ओरडतात. पोरं ओट्यावर बसून त्यांच्याकडं बघतात. सुट्टी पोरांची आणि मजा मोठ्यांची.

डंकनला गॅरेजमध्ये मुलींची एक गुलाबी सायकल सापडते. ती घेऊन तो गावभर भटकतो आणि असाच एका वॉटर पार्कला जाऊन पोचतो. तिथं ओवेन नावाचा माणूस आहे. वय चाळिशीकडं झुकलेलं, अंगात जबाबदारीचा पत्ता नाही आणि तोंड कधी बंद नाही. तो या पोराला कामावर ठेवतो. घरच्यांना कळू न देता पोरगा रोज कामावर जायला लागतो. दिवसभर पोरगा कुठं असतो याची घरात फारशी कोणाला फिकीरही नाही. बस, गोष्ट एवढीच. एक तास त्रेचाळीस मिनिटांत संपते.

लिहिलाय आणि दिग्दर्शित केलाय नॅट फॅक्सन आणि जिम रॅश या दोघांनी. दिग्दर्शनाची दोघांचीही पहिलीच वेळ. त्याआधी २०१२ मध्ये ‘द डिसेंडंट्स’च्या पटकथेसाठी त्यांना अलेक्झांडर पेन यांच्यासोबत ऑस्कर मिळालं होतं, म्हणजे लिहिण्यात दोघं मुरलेले. गाडीतला तो तीनच्या आकड्याचा प्रसंग जिम रॅश यांच्या स्वतःच्या लहानपणातला. त्यांच्या सावत्र वडिलांनी त्यांना खरोखरच असं विचारलं होतं, हे त्यांनीच मुलाखतींमधून सांगितलंय. म्हणूनच तो प्रसंग रचल्यासारखा वाटत नाही. रचला असता तर लेखकानं ट्रेंटला ओरडायला लावलं असतं. इथं तो समजुतीच्या सुरात बोलतो, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय अशा थाटात. असं ऐकून घेतलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही.

दोघं दिग्दर्शक पार्कात छोट्या भूमिकांतही आहेत. रॅश भाड्याच्या सामानाच्या खिडकीत बसलेला कायम रडका लुइस झालाय, जो रोज नोकरी सोडायच्या गोष्टी करतो आणि रोज तिथंच असतो. असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्या गाळ्यावरही आहे.

वॉटर पार्क खरा आहे. ईस्ट वेअरहॅम गावातला वॉटर विझ. नावही सिनेमात तेच ठेवलंय. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथंच शूटिंग झालं. घसरगुंड्या जुन्या, रंग उडालेले, पाट्या जुन्या. गाडीही जुन्या वळणाची, लांबलचक. गाणीही जुनी. माझा भाचा पुण्याहून सुट्टीला आलाय, त्याच्याबरोबरच बघितला. त्यानं अर्ध्यात विचारलं, ‘‘मामा, हा सिनेमा नक्की कधीचा आहे?’’ काळ आजचा आहे, पण सगळं ऐंशीच्या दशकातलं वाटावं असं मुद्दाम ठेवलंय. मला हे आवडलं. दिग्दर्शकांनी आपल्या लहानपणाचा उन्हाळा आजच्या पोराच्या अंगात घातलाय, आणि तो ढगळ होत नाही.

अभिनयाबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं तेव्हापासून आमच्या गावाला ही खोड लागलेली आहे. डंकन झालेला लायम जेम्स त्यावेळी सोळाच्या आसपास होता. पहिला अर्धा तास तो खांदे पाडून, हात कुठं ठेवावेत ते न कळून, पँटच्या बाजूला चोळत चालतो. दारातून आत यायचं तर दार पुरतं उघडत नाही, फटीतून येतो. उत्तर द्यायच्या आधी ओठ हलतात आणि आवाज मागून येतो. या वयाची पोरं ज्यांनी जवळून बघितलीत त्यांना हे ओळखीचं वाटेल. पुढं पार्कात रुळल्यावर तो एकदम धीट होत नाही, ही दिग्दर्शकांची अक्कल. फक्त चाल बदलते. खुर्च्या एकावर एक रचून उचलून नेताना पोरगा सरळ चालतो, एवढंच दिसतं.

ओवेन झालाय सॅम रॉकवेल, बेट्टी झालीय ॲलिसन जॅनी. गंमत म्हणजे २०१८ मध्ये एकाच रात्री या दोघांना वेगवेगळ्या सिनेमांसाठी सहाय्यक भूमिकेचं ऑस्कर मिळालं. इथं बघितलं की त्यात नवल वाटत नाही. रॉकवेल इतका भरभर आणि इतका सरळ चेहऱ्यानं थापा मारतो की डंकनला, आणि मलाही, खरं काय नि चेष्टा काय ते लगेच कळत नाही. इंग्रजी सबटायटल लावूनसुद्धा मी दोनदा मागं नेऊन बघितलं. भाचा तोवर हसून मोकळा झालेला असायचा.

ट्रेंट म्हणून स्टीव्ह कॅरेल आहे. लोकांना हसवणारा नट म्हणून जगभर ओळखला जाणारा हा माणूस इथं एकदाही हसवत नाही. पॅमची भूमिका टोनी कोलेटची. ‘लिटल मिस सनशाइन’मध्ये हीच दोघं भाऊबहीण होती, ते आठवलं की इथं त्यांना जोडपं म्हणून बघायला जरा अवघड जातं. पण कॅरेलनं केलेला ट्रेंट हा नुसता खलनायक नाही. तो नियमाचा माणूस आहे. पावसाच्या दिवशी सगळे घरात अडकून लहान पोरांचा पटावरचा खेळ खेळतात, तिथंही तो नियमावर अडून बसतो आणि सगळ्यांचा विचका करतो. ताट स्वतः उचलून ठेवायचं, ओला टॉवेल असा टाकायचा नाही, असली वाक्यं. त्यातलं एकही चुकीचं नाही, आणि त्यामुळंच पोराला भांडताही येत नाही.

होडीतला प्रसंग बघा. सगळे होडीतून फिरायला निघतात आणि ट्रेंट डंकनला लाइफ जॅकेट घालायला लावतो. नारिंगी, मोठं, गळ्यापर्यंत आलेलं. बाकी कोणी घातलेलं नाही. आता आम्ही सांगलीची माणसं लाइफ जॅकेटला हसणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं आम्ही बघितलंय, आणि त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यामुळं माझी बायको पहिल्यांदा म्हणालीच, ‘‘घालतोय तर बरंच आहे की.’’ मग कॅमेरा होडीतल्या एकेकावरून फिरतो. उघडे खांदे, गॉगल, हातात बाटल्या आणि मधोमध ते नारिंगी गाठोडं. बायको गप्प झाली. काळजी आणि पाणउतारा एकाच जॅकेटमध्ये शिवून अंगावर चढवता येतो, आणि वर ‘तुझ्या जिवासाठीच’ म्हणता येतं.

याच्या शेजारी बेट्टी ठेवून बघा. तिच्या धाकट्या पोराचा, पीटरचा, एक डोळा तिरळा आहे. बाई चारचौघांत त्याला बोलते, डोळ्यावर पट्टी लाव म्हणून मागं लागते, ऐकवणार नाही असं काहीबाही बोलते. पण पोरगा मजेत आहे, आईला उलट उत्तर देतो, कोणाशीही गप्पा मारतो. ट्रेंट एक शिवी देत नाही आणि त्याच्यासमोर डंकन मिटून जातो. फरक काय, तर बेट्टी पोराकडं बघते. तिरळ्या डोळ्याकडं बघते, बाकीच्याकडंही बघते. हे सिनेमात कोणी समजावून सांगत नाही, दोन्ही घरं शेजारी शेजारी ठेवून दिलीत. मला हा सिनेमातला सगळ्यात हुशार भाग वाटला. समीक्षक मंडळी ओवेनचंच कौतुक करतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

ओवेनबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. प्रेमळ गुरू वगैरे तो नाही. स्वतःचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणारा, वेळेवर न येणारा, कोणत्याही गोष्टीची थट्टा करणारा हा माणूस आमच्या यार्डात आठवडाभर टिकला नसता. त्याच्याबरोबर पार्क सांभाळणारी केटलिन त्याच्यावर सारखी वैतागलेली असते आणि तिचं शंभर टक्के बरोबर आहे. पण हाच माणूस डंकनला एक गोष्ट देतो जी घरात कोणी देत नाही. उपदेश नव्हे. उपदेश तर ट्रेंटही देतो, किलोनं देतो. ओवेन त्याला काम देतो आणि मग मागं उभा राहत नाही.

पार्कात काही पोरांनी जमिनीवर पुठ्ठा टाकून नाच मांडलाय, त्यांना तिथून हलवायचं असतं. ओवेन डंकनला सांगतो, जा, पुठ्ठा घेऊन ये. कसा, ते सांगत नाही. डंकन जातो. ती पोरं त्याच्या दुप्पट आकाराची. ती म्हणतात, आधी नाच. आणि हा लाजेनं अर्धमेला झालेला पोरगा नाचतो. नाच कसला, हात-पाय तुटक तुटक हलवतो. पण गर्दी टाळ्या पिटते, पुठ्ठा मिळतो आणि त्या दिवसापासून पार्कात त्याला त्या नाचावरून टोपणनाव पडतं. तो नाच बघताना माझ्याही पोटात गोळा आला होता. आता हसतील, आता हसतील. हसलेच, पण ते हसणं वेगळं निघालं.

दहावीची परीक्षा झाल्यावर मलाही मामांनी सावळजच्या बाजूला त्यांच्या बेदाण्याच्या शेडवर नेलं होतं. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढायची, रॅकच्या जाळ्यांवर पसरायची, वाळली की जाळ्या हलवून खाली पाडायची. मला यातलं काहीच येत नव्हतं. शेडवरच्या मुकादमानं पहिल्या दिवशी माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. वजनाची वही आणि एक बॉलपेन हातात दिलं आणि स्वतः रॅकच्या पलीकडं गेला. निवडायला बसलेल्या बायकांची मजुरी त्या वहीवर निघणार होती. एक बाई मला म्हणाली, ‘‘पोरा, माझं दोन किलो कमी लिवलंस तर बघ.’’ घरात तोवर मला दुधाचे पैसेही मोजायला देत नव्हते. गंधकाच्या धुरीचा वास नाकात घेऊन मी ती वही छातीशी धरून झोपायचो. मुकादमाचं आणि माझं त्या सुट्टीत काही खास बोलणं झालं असेल असं आठवत नाही. त्यामुळं ओवेन डंकनला मोठमोठ्या गोष्टी सांगत नाही तिथं सिनेमा मला पटला, आणि जिथं सांगायला लागतो तिथं थोडा उतरला.

कारण सांगतोच शेवटी. सिनेमाच्या उत्तरार्धात दोघांचं एक मोकळं बोलणं आहे. डंकन त्याला तो तीनचा आकडा सांगतो, ओवेन त्याला समजावतो की असं बोलणारा माणूस तुला ओळखतच नाही. चांगलं केलंय दोघांनी, रॉकवेल पहिल्यांदाच थट्टा सोडून बोलतो. पण जे खुर्च्यांनी आणि पुठ्ठ्यानं आधीच सांगून झालं होतं ते परत तोंडानं सांगितलं. भाच्याला मात्र तोच प्रसंग सगळ्यात आवडला. त्याचं म्हणणं, ‘‘मामा, कोणीतरी एकदा स्पष्ट बोललं पाहिजे ना.’’ चौदाव्या वर्षी ते खरं असेल.

उणं अजून आहे. शेजारची सुझाना आणि डंकन यांचं कोवळं काहीतरी आहे, त्यात नवीन काही नाही. मुलगी गोड आहे, शहाणी आहे, पोरापेक्षा शहाणी आहे आणि लेखकांनी तिला त्याहून जास्त काम दिलेलं नाही. केटलिनचंही तेच. माया रुडॉल्फसारखी नटी घेऊन तिला ओवेनवर चिडायला आणि मग विरघळायला एवढंच ठेवलंय. आणि पार्कातला एक विनोद आता बघवत नाही. सगळ्यात उंच घसरगुंडीवर उभा असलेला रॉडी, म्हणजे दिग्दर्शक फॅक्सन स्वतः, पोहण्याच्या कपड्यातल्या मुलींना मुद्दाम थांबवून ठेवतो, का तर मागं उभ्या असलेल्या पोरांना बघायला मिळावं. सिनेमा हे खेळकरपणे दाखवतो. ट्रेंटच्या बारक्या बारक्या दुष्टपणाकडं इतकं बारीक बघणाऱ्या लेखकांना हे दिसलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. घरात पोरगी बरोबर बसली असेल तर तिथं एकदा सिनेमा थांबवून बोलावं लागेल. मी थांबवला नाही, पण भाच्याकडं बघितलं. त्यानं नजर मोबाइलमध्ये घातली होती.

पण खरी गोष्ट पॅमची आहे, असं आमच्या घरातल्या बाईमाणसांचं ठाम मत पडलं. चार जुलैच्या, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या रात्री, डंकन ट्रेंटला दुसऱ्या बाईबरोबर बघतो. त्या बाईचा नवरा ट्रेंटचा मित्र. पोराला कळतं आणि हळूहळू लक्षात येतं की आईलाही कळलंय. तरी ती सकाळी उठून त्याच टेबलावर बसते. ‘‘गप्प का बसतीय ही?’’ बायकोनं विचारलं आणि उत्तरही तिनंच दिलं, ‘‘जायचं कुठं, हा प्रश्न असतो ना.’’ टोनी कोलेटला या सिनेमात लांब संवाद फारसे नाहीत. ती बघते. पोराकडं बघते, ट्रेंटकडं बघते, मग भांडी आवरायला लागते. पुढं भरलेल्या पार्टीत पोरगा सगळ्यांसमोर तोंड उघडतो आणि ट्रेंट त्याला सगळ्यात खोल घाव घालतो: तुझ्या बापाला तू नको आहेस. तेव्हा कॅमेरा पॅमवर आहे का पोरावर, हे मला आता सांगता येणार नाही, पण मला आईचाच चेहरा आठवतोय.

शेवट सांगू नये असा रिवाज आहे, पण एका गोष्टीचा इशारा करतो. पार्कात सिनेमाभर एक वाद चालू असतो. बंद नळीतल्या घसरगुंडीत पुढच्याला मागं टाकून मागचा माणूस आधी बाहेर पडू शकतो का? असं कोणीतरी कधीतरी केलंय म्हणे, कसं केलं ते कोणालाच माहीत नाही. या फालतू वादाचा सिनेमाच्या शेवटी जो उपयोग केलाय तो बघताना भाचा सोफ्यावरून उठून उभा राहिला. त्यानंतर गाडीत पॅम जे करते ते एका वाक्यात सांगता येण्यासारखं आहे आणि म्हणूनच सांगत नाही. ट्रेंटला धडा वगैरे मिळत नाही. कोणी कोणाच्या कानाखाली वाजवत नाही. आपल्याकडं हाच सिनेमा केला असता तर शेवटची पंधरा मिनिटं भाषण झालं असतं आणि ट्रेंट पायावर पडला असता.

संगीत रॉब सिमनसन यांचं आहे, मध्ये मध्ये लुडबुड न करणारं. कॅमेरा जॉन बेली यांचा. घराच्या आतली दृश्यं जरा कोंदट आणि पार्कातली धुतल्यासारखी लख्ख, हे मुद्दाम केलंय ते कळतं, पण खटकत नाही. मधला अर्धा तास जरा रेंगाळतो. पार्कातल्या गमतीजमती एकापाठोपाठ एक येतात आणि त्यातल्या दोन-चार काढल्या असत्या तरी चाललं असतं.

कोणाबरोबर बघायचा ते नीट ठरवा. तिकडं याला तेरा वर्षांखालच्या पोरांच्या बाबतीत आईबापांनी जपून राहावं असं प्रमाणपत्र आहे आणि ते बरोबर आहे. मोठी माणसं रात्री गांजा ओढतात, पितात तर कायम, चुंबनं आहेत, बेट्टीची जीभ तर सुटलेलीच. नववी-दहावीच्या पोराबरोबर बघायला हरकत नाही, उलट मोबाइल बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बसून बघा. पोराचा अभ्यास, वजन, केस, मित्र या सगळ्यावर जेवताना मार्क देण्याची ज्या घरात पद्धत आहे, तिथं तर आधी मोठ्यांनी बघावा. आणि जेवणाच्या वेळेला लावू नका. आमच्याकडं माझी आई सुरुवातीला टीव्हीसमोर बसली होती. इंग्रजीचा तिला गंध नाही, पण होडीतल्या प्रसंगापर्यंत तिनं सगळं ओळखलं होतं. गांजाचा धूर दिसल्यावर ती भाकरी टाकायला उठली, आणि जाता जाता पॅमकडं बोट करून म्हणाली, ‘‘तिला म्हणावं, पोराला घेऊन माहेरी जा. इथं काय ठेवलंय?’’